१२० तास आणि एक रिकामी खुर्ची

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे दुसरे सत्र सुरू झाले की विद्यापीठांच्या विभागीय कार्यालयांत एका पत्राला मागणी येते. वर बोधचिन्ह, त्याखाली जावक क्रमांक आणि दिनांक, मग 'प्रति, मा. व्यवस्थापक' आणि त्यापुढे ठिपक्यांची रेघ. मजकूर सगळ्यांना सारखाच: आमच्या विभागाच्या विद्यार्थ्यास आपल्या आस्थापनेत कार्यप्रशिक्षणाची संधी द्यावी, ही नम्र विनंती. ठिपक्यांवर कोणाचे नाव लिहायचे हे मात्र विद्यार्थ्याने शोधायचे असते. वाणिज्य शाखेच्या मुलाला एखादा कर सल्लागार सापडतो, संगणकशास्त्राच्या मुलीला एखादी छोटी सॉफ्टवेअर कंपनी. मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, मराठी शिकणारे पत्राच्या चार-सहा प्रती पिशवीत घालून गावभर हिंडतात आणि त्यांतले बरेच जण शेवटी ओळखीतल्या कुणाच्या तरी संस्थेचा शिक्का घेऊन परततात. शिक्का खरा असतो, सहीही खरी असते. तास तेवढे कागदावर भरलेले असतात.

हे सगळे चालू झाले ते राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीमुळे. राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने श्रेयांकांची नवी चौकट आखून दिली आणि त्यात पदवीला व पदव्युत्तर शिक्षणालाही कार्यप्रशिक्षणाचे ४ श्रेयांक आले. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे १२० तास. वर्गाबाहेरच्या कामाला गुणपत्रिकेत जागा मिळाली हे चांगलेच झाले. आपल्याकडच्या पदवीवर 'हाताला काही येत नाही' हा आक्षेप जुना आणि बऱ्याच अंशी खरा आहे. पण सक्ती करताना इतक्या विद्यार्थ्यांना बसायला खुर्च्या कुठून येणार, याचा हिशेब कोणी मांडला नाही. आणि त्याच आवारात, बहुधा त्याच इमारतीत, एक खोली अशी आहे जिथे माणसे कमी आणि काम डोंगराएवढे आहे. तिच्या दारावर 'प्लेसमेंट सेल' किंवा 'करिअर मार्गदर्शन केंद्र' अशी पाटी असते. विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी गावभर पाठवण्याआधी या खोलीत बसवावे, त्यासाठी रीतसर अर्ज मागवावेत आणि त्या १२० तासांना खऱ्या शिक्षणाचा दर्जा द्यावा, असे माझे म्हणणे आहे.

आधी या खोलीत आज काय चालते ते पाहू. समन्वयक म्हणून कुठल्या तरी विभागाचे प्राध्यापक असतात, मूळ अध्यापन सांभाळून हा अतिरिक्त कार्यभार वाहणारे. वर्षाकाठी दोन-चार कंपन्या येतात, एक मेळावा होतो, सभागृहात दोन-तीन व्याख्याने होतात. व्याख्यानाला हजेरीपट फिरतो, फोटो निघतो, अहवाल तयार होतो. यात समन्वयकांना दोष देण्यात अर्थ नाही. नॅकच्या मूल्यांकनात आजवर याच गोष्टीची मोजणी होत आली: स्पर्धा परीक्षा आणि करिअर समुपदेशनाचा लाभ मिळालेल्या विद्यार्थ्यांची टक्केवारी. सभागृहातली तीनशे मुले मोजली की टक्केवारी चढते. एका मुलाशी पाऊण तास बोलले तर ती हलतही नाही. जे मोजले जाते ते घडते, आणि हजेरीपट उत्तम मोजला जातो.

खरे तर व्यवसाय मार्गदर्शनाच्या शास्त्राची सुरुवातच पाऊण तासाच्या बोलण्यातून झाली आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र उघडले आणि त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९०९ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यांची मांडणी साधी होती: माणसाने आधी स्वतःला ओळखावे, मग कामाच्या जगाची माहिती घ्यावी आणि मग या दोन्हींचा मेळ विचारपूर्वक घालावा. एकशे पंधरा वर्षे उलटली तरी आपल्या प्लेसमेंट सेलचा सारा कारभार मधल्या पायरीवरच चालतो. कोणत्या कंपनीत किती जागा, पात्रता काय, शेवटची तारीख कोणती, हे सूचनाफलकावर असते. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीसाठी समोर बसून ऐकणारा माणूस लागतो, आणि नेमकी तीच खुर्ची रिकामी आहे. पार्सन्स यांनी केंद्राबरोबरच मार्गदर्शक घडवण्याचे वर्गही काढायला घेतले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सल्ला देण्याची जागा आणि सल्ला द्यायला शिकण्याची जागा एकच असावी, हे त्यांना उघड दिसत होते.

त्या खुर्चीवर बसून नेमके काय करायचे, याचा एक नमुना पाहू. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा मुलगा आपला बायोडाटा घेऊन येतो. वर मध्यभागी नाव, मग वडिलांचे नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, 'भाषा अवगत: मराठी, हिंदी, इंग्रजी', 'छंद: वाचन, क्रिकेट', आणि तळाला वरील माहिती खरी असल्याचे प्रतिज्ञापत्र. हा नमुना त्याला गावातल्या डीटीपीवाल्याने काढून दिलेला असतो, आणि त्या डीटीपीवाल्याकडे तो लग्नाच्या बायोडाट्यावरून आला असावा अशी शंका यावी इतके दोन्हींत साम्य असते. कागदात कुठेच नसते ते असे: हा मुलगा तीन वर्षे दूध संकलन केंद्रावर पहाटे फॅट आणि एसएनएफ मोजतो, त्याच्या नोंदी ठेवतो आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्यांचा हिशेब चुकता करतो. दुग्धप्रक्रिया उद्योगाच्या गुणवत्ता विभागाला हे वाचायला आवडेल. पण हे काम 'अनुभव' या सदरात मोडते, असे त्याला कोणी सांगितलेले नाही. त्याच्या लेखी ते घरचे काम. हे बाहेर यायला 'सकाळी उठल्यापासून काय काय करतोस?' एवढा एक प्रश्न पुरतो. तो कधी विचारायचा, उत्तर येईपर्यंत गप्प कसे राहायचे आणि मग 'घरी काय म्हणतात?' इथपर्यंत कसे पोहोचायचे, हे मानसशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या विद्यार्थिनीला पाठ्यपुस्तकातून येत नाही. करून येते, आणि करताना कोणीतरी पाहत असले तरच येते.

'कोणीतरी पाहत असले तर' हे प्रात्यक्षिकाचे मर्म आहे. अमेरिकेत समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या काक्रेप या संस्थेचे निकष याबाबत स्पष्ट आहेत. प्रॅक्टिकम किमान १०० तासांचे, त्यांतले किमान ४० तास प्रत्यक्ष माणसांसोबत, आठवड्याला सरासरी एक तास पर्यवेक्षकाशी व्यक्तिगत चर्चा आणि दीड तास गटचर्चा. त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप वेगळी. तिथे विद्यापीठांची करिअर केंद्रे अशा प्रशिक्षणार्थींसाठी अर्ज मागवतात आणि हा शिरस्ता झालेला आहे. म्हणजे आपले १२० तास त्या १०० तासांपेक्षा जास्तच आहेत! कमी आहे ती आतली विभागणी. आपल्याकडे तासांची बेरीज तपासली जाते. माणसासमोर किती आणि वरिष्ठासमोर किती, हे विचारले जात नाही.

हे परदेशी खूळ आहे असेही समजायचे कारण नाही. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले, तेच आजचे टाटा समाजविज्ञान संस्थान. पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट आधीपासून नागपाड्यात वस्तीकार्याचे केंद्र चालवत होते. समाजकार्याचे शिक्षण आपल्याकडे वर्गात जन्मले नाही, वस्तीच्या तोंडाशी जन्मले. आजही एमएसडब्ल्यूचा विद्यार्थी आठवड्याचे दोन दिवस फील्डवर असतो, दर आठवड्याला अहवाल लिहितो आणि पर्यवेक्षकासमोर 'आयसी'ला बसतो. आयसी म्हणजे व्यक्तिगत चर्चा, आणि तिचा धाक परीक्षेपेक्षा जास्त असतो, कारण 'त्या बाईंनी असे म्हटल्यावर तू काय म्हणालास? आणि का?' या प्रश्नाला गाईडमध्ये उत्तर नसते. बी.एड.ला २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता आहे. परंपरा आपल्या घरात आहे. ती एका दालनातून शेजारच्या दालनात न्यायची आहे.

आता अर्जाविषयी, कारण ही सगळी कल्पना तरेल की बुडेल ते अर्जावर ठरेल. आज कार्यप्रशिक्षण मिळते ते ओळखीने. ज्याच्या घरी ओळख आहे त्याला जागा, ज्याच्या घरी पहिल्यांदाच कोणी एम.ए. करते आहे त्याला ठिपक्यांची रेघ. विद्यापीठाच्या केंद्राने जाहीर सूचना काढली, किती जागा, कोणते काम, किती तास, निवड कशी, हे मराठीत लिहून लावले, तर निदान एका ठिकाणी तरी ओळखीची किंमत शून्य होईल. आणि अर्जात मागील गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रतींऐवजी एक प्रसंग द्यावा. समजा असा: 'तुमच्यासमोर २६ वर्षांचा मुलगा बसला आहे. एमपीएससीचा तिसरा प्रयत्न गेला. घरी अजून सांगितलेले नाही. पहिली दहा मिनिटे तुम्ही काय कराल? एका पानात लिहा.' पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमधून असे किती जण बसलेले असतात हे कोणाला सांगायला नको. या पानावर बहुतेक अर्जदार सल्ला लिहितील: खचू नकोस, बी प्लॅन ठेव, कौशल्ये वाढव. एखादीच लिहील की तो काही बोलेपर्यंत मी पाणी पुढे करीन आणि 'निकाल लागल्यापासून दिवस कसे गेले?' असे विचारीन. निवड समितीला आपली माणसे त्या पानावरून कळतील. ज्यांची निवड होणार नाही त्यांना का झाली नाही हे दोन ओळींत लेखी कळवावे. आपल्याकडे नकाराचे कारण सांगण्याची पद्धत नाही. 'यादीत नाव नाही' एवढेच कळते. पुढे आयुष्यभर अर्ज करायचे असणाऱ्यांना पहिला धडा विद्यापीठानेच दिलेला बरा.

यावर पहिला आक्षेप येईल तो गुप्ततेचा. आपल्याच कॉलेजातल्या मुलीला घरचे काय ते कोण सांगेल, आणि सांगितले तर ते कँटीनपर्यंत किती वेळात पोहोचेल? आक्षेप रास्त आहे, लहान गावात तर फारच रास्त. म्हणून सीमा आधी आखायला हव्यात. प्रशिक्षणार्थीने बायोडाटा पाहावा, मुलाखतीचा सराव घ्यावा, अभिरुची चाचणी पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली घ्यावी आणि तिच्या निष्कर्षावर बोलावे. स्वतःच्या विभागाचा विद्यार्थी प्रशिक्षणार्थीकडे देऊ नये. लहान महाविद्यालयांनी आपापसांत अदलाबदल करावी. इथली विद्यार्थिनी तिथल्या केंद्रात बसेल, तिथली इथे. बोलता बोलता निराशा, झोप उडणे, जीव नकोसा होणे असे काही निघाले तर तिथेच थांबून प्रशिक्षित समुपदेशकाकडे सोपवावे आणि २०२२ पासून चालू असलेल्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक हाताशी द्यावा. कुठे थांबायचे हे कळणे हादेखील या १२० तासांतला एक धडा आहे, कदाचित सर्वांत मोठा. उलट आज काय होते? मनातली गोष्ट मुलगा कोणाला तरी सांगतोच: हॉस्टेलच्या रूममेटला, किंवा क्लासवाल्याला, जो त्याला पुढच्या बॅचची फी सांगतो. त्या श्रोत्यांना ना सीमा आखून दिलेली असते, ना गुप्ततेचे बंधन.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि त्याला माझ्याकडे संपूर्ण उत्तर नाही. पर्यवेक्षण करणार कोण? प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तासाचेच पैसे मिळतात, तो दर आठवड्याला तासभर चर्चेला का बसेल? बसू नये, असेच मी म्हणेन, जोवर तो तास त्याच्या कामात धरला जात नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन ठरवून दिले आहे. कार्यप्रशिक्षणाचे पर्यवेक्षण या तासांत धरावे आणि तासिका तत्त्वावरच्यांना त्याचे मानधन द्यावे. श्रेयांक द्यायचे पण शिकवण्याचे तास मोजायचे नाहीत, ही उधारी किती दिवस चालणार? तरीही सगळीकडे एकदम हे जमणार नाही, हे मान्य करावे लागेल. मानसशास्त्र किंवा समाजकार्याचा विभाग आहे तिथून सुरुवात व्हावी, चार किंवा सहा जागांनी. साठ जणांना एकदम घेतले की पुन्हा हजेरीपट आलाच.

मग फुकटच्या मजुरीचा प्रश्न. विद्यापीठाला लिपिक नेमायचा नाही म्हणून विद्यार्थ्यांकडून फायली लावून घ्यायच्या आणि त्याला प्रात्यक्षिक म्हणायचे, ही भीती निराधार नाही. आपल्या संस्थांचा पूर्वेतिहास पाहता तर नाहीच. तिच्यावर तोड म्हणजे प्रत्यक्ष भेटींच्या तासांची किमान अट आणि कारकुनी कामाची कमाल मर्यादा, दोन्ही सूचनेतच छापलेली. पैशांचे म्हणाल तर रस्ता जुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका' या पायावर, आणि आज आपल्या विद्यापीठांत त्याच नावाच्या योजनेतून विद्यार्थी तासावर मानधन घेऊन ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करतात. बागेतल्या तासाला मोल असेल तर करिअर केंद्रातल्या १२० तासांपलीकडच्या तासालाही असावे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने २०२४ मध्ये पदवीधर प्रशिक्षणार्थीला महिना १०,००० रुपये देऊ केले, तेव्हा शिकणाऱ्याला पैसे देणे हे तत्त्व सरकारला मान्य आहेच.

शिवाय जागा निर्माण करणे आणि जागा भरणे यांत किती अंतर असते, हे पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या पहिल्या फेरीने दाखवून दिले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या त्या फेरीत कंपन्यांनी सुमारे १ लाख २७ हजार संधी जाहीर केल्या, ८२ हजारांहून अधिक प्रस्ताव दिले गेले, आणि प्रत्यक्ष रुजू झाले ८,७०० च्या आसपास. महिना ५,००० रुपयांत दुसऱ्या शहरात राहायचे कसे, हा प्रश्न ज्याने खोलीभाडे भरले आहे त्याला वेगळा समजावून द्यावा लागत नाही. नांदेडच्या किंवा रत्नागिरीच्या मुलीला आपल्याच विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात, हॉस्टेलपासून चालत जाता येईल अशी प्रात्यक्षिकाची जागा मिळणे म्हणूनच मामुली नाही.

राहता राहिला कंपन्यांचा प्रश्न: बाहेरच्या आस्थापनेच्या प्रमाणपत्राला जी किंमत, ती विद्यापीठाच्या स्वतःच्या खोलीतल्या प्रमाणपत्राला कोण देईल? प्रमाणपत्राला नाही देणार, मान्य. पण मुलाखतीत 'काय केले?' असे विचारल्यावर 'चाळीस जणांशी एकेकटे बोलले, त्यांतल्या तिघांच्या बाबतीत चुकले, आणि कुठे चुकले ते पर्यवेक्षकांनी दाखवले' असे सांगणारी उमेदवार मनुष्यबळ विभागाला, शाळेला, स्वयंसेवी संस्थेला का नको असेल? जिला समुपदेशनात पुढे जायचेच नाही, तिचेही नुकसान नाही. समोरच्याचे पूर्ण ऐकून घेणारी माणसे कुठल्याच धंद्यात जास्त झालेली नाहीत. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनाही इथे खास काम आहे, ज्याचा विचार होत नाही. कंपन्यांच्या इंग्रजी जाहिराती, अटी, करारपत्रे साध्या मराठीत समजावून देणारी पत्रके या केंद्रात कोणी लिहीत नाही. 'नोटीस पिरियड', 'बाँड', 'सीटीसी' या शब्दांमागे काय दडले आहे ते पहिल्या नोकरीनंतर कळते, आणि तोवर सही झालेली असते.

यासाठी नवा कायदा नको, मंत्रालयात फेऱ्या नकोत. कार्यप्रशिक्षण कुठे करायचे हे बहुतेक ठिकाणी विभागाच्या पातळीवरच ठरते. डिसेंबरात सूचना लागली, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज आले, पंधरवड्यात निवड झाली तर दुसऱ्या सत्रातच आठवड्याचे आठ तास धरून १५ आठवड्यांत १२० तास पूर्ण होतात. विभागप्रमुख आणि प्लेसमेंट सेलचे समन्वयक यांनी एकदा समोरासमोर बसायचे आहे. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या खोल्या एकाच व्हरांड्यात आहेत. काही ठिकाणी तर ती दोन पदे एकाच व्यक्तीकडे आहेत.